गोंदलेला हात

दोन एप्रिल दोन हजार चोवीस, मंगळवार. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आप्पासाहेबांनी धनश्रीच्या हातावर सात हजार तीनशे पन्नास रुपये मोजून ठेवले, आणि भागवत पेंटरने ते पाहिले.

खरे तर तो चहासाठी आला होता. पाथर्डीजवळच्या जत्रेत उतरलेल्या आप्पासाहेबांच्या तंबू टॉकीजचे ऑफिस म्हणजे मालट्रकची मागची फळी, तिच्यावर एक सतरंजी आणि एक प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर धनश्री बसली होती. तिच्या हातात काचेचा कप होता. भागवतला सतरंजीवर जागा मिळाली आणि कागदी पेल्यात चहा. सदतीस वर्षे या फळीवर उठबस करणाऱ्या माणसाच्या लक्षात असल्या गोष्टी यायला नकोत, पण त्या दिवशी त्याच्या लक्षात दुसरे काही येतच नव्हते.

"तीन फ्लेक्स, फ्रेमा आनि डिझाईन. सगळं धरून, आगाऊ," आप्पासाहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले.

गेल्या वर्षी याच जत्रेत, याच तंबूसमोरचा बोर्ड भागवतने हाताने रंगवला होता. त्याचे त्याला बावीसशे मिळाले होते आणि रंग त्याचा होता.

भागवत शिरसाट मूळचा पाथर्डीजवळच्या वाडीचा. आईबाप ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की बैलगाडीत संसार भरायचा आणि कारखान्याच्या भागात उतरायचे. नववीत नापास झाल्यावर भागवतही कोयता घेऊन कोल्हारकडे गेला. तिथे फडात दुपारी सगळे सावलीला पडले की हा गाडीच्या फळीवर विटकरीच्या तुकड्याने चित्रे काढत बसे. आप्पासाहेबांचा तंबू तेव्हा वर्षातले आठ महिने या जत्रेतून त्या जत्रेत फिरायचा. त्यांनी ती फळी पाहिली आणि विचारले, "भूत काढता येतं का रं?"

"भूत बघितलं न्हाई," भागवत म्हणाला.

"मंग न बघितलेलं काढ. बघितलेलं बघाया पैशे कोन दील?"

या एका वाक्यावर भागवतची पुढची सगळी वर्षे उभी राहिली. कौटुंबिक सिनेमा, देवादिकांचा सिनेमा, हाणामारीचा सिनेमा, सगळ्यांचे बोर्ड त्याने केले. पण त्याचे नाव झाले ते खुनाच्या सिनेमात. जत्रेतला माणूस हातात जिलबीचा पुडा घेऊन बोर्डासमोरून जातो तेव्हा त्याची फार तर दहाबारा पावले आपल्या ताब्यात असतात, असे तो म्हणे. तेवढ्यात तो थांबला पाहिजे. म्हणून सुरा कधी काढायचा नाही, सुऱ्याची भिंतीवर पडलेली सावली काढायची. चेहऱ्यावर उजेड टाकायचा तो खालून, म्हणजे ओळखीचा माणूसही परका वाटतो. तांबडा रंग एकाच ठिकाणी आणि तोही अंगठ्याएवढा, कारण बोर्डभर तांबडे फासले की तो निवडणुकीचा बोर्ड होतो. एकदा तर त्याने माणूसच काढला नव्हता. नुसता अंधारा जिना आणि तिसऱ्या पायरीवर ओल्या पावलाचा ठसा. त्या जत्रेत आप्पासाहेबांना एका दिवसात पाच खेळ लावावे लागले होते. ही गोष्ट भागवत चहाच्या प्रत्येक नव्या गाड्यावर सांगत असे आणि ऐकणारा उठून गेला तरी पुरी करत असे.

या सगळ्याच्या वर एक नियम होता. खुनी बोर्डावर दिसता कामा नये. चेहरा तर नाहीच, त्याचा जोडासुद्धा नाही. त्यासाठी आप्पासाहेबांनी सुरुवातीपासून एक पद्धत पाडली होती. सिनेमा आला की लोकांना दाखवण्याआधी दुपारी रिकाम्या तंबूत तो एकट्या पेंटरसाठी लावायचा. त्याला सगळे 'पेंटरचा खेळ' म्हणत. बाराशे माणसांच्या तंबूत मधोमध एकटा भागवत, आणि समोर पडदा. बाहेर पडल्यावर शेवट कुणाला सांगायचा नाही, अगदी बायकोलाही नाही. भागवतने तो कधी सांगितला नव्हता. त्याच्या बायकोने, लंकाबाईने, कधी विचारलाही नव्हता.

त्या मंगळवारी पैसे घेऊन धनश्री गेली तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "पेंटर, आलाच हाईस तर आज पिच्चर बघून घे."

"बोर्ड तिचा, मी बघून काय करू?"

"तिला टाईम न्हाई. तिनं कंपनीच्या फोटोंवरनं केलंय. तू उद्या तिच्या दुकानात जाऊन डिझाईन बघ. काय चुकलंबिकलं आसंल तर सांग. मंग छापायला नगरला टाकू. तुजी नजर हाय म्हनून म्हनतो."

नजरेचे नाव काढल्यामुळे भागवतला नाही म्हणता आले नाही.

सिनेमाचे नाव 'पाण्याखालची किल्ली'. धरणाकाठच्या एका बड्या बागाईतदाराच्या घरातली तीन माणसे एकामागून एक विहिरीत बुडून मरतात. संशय जावयावर जातो, मग वकिलावर, मग हिशेब ठेवणाऱ्या मुनिमावर. शेवटी कळते की खुनी आहे स्वयंपाकघरातली म्हातारी मावशी. सगळ्यांना जिवापाड वाढणारी. तिची पोर पंचवीस वर्षांपूर्वी त्याच विहिरीत गेलेली असते आणि घराने ती गोष्ट दाबलेली असते. मावशीच्या उजव्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेले असते, बाजूला तीन ठिपके. तेच गोंदण शेवटच्या प्रसंगात पाण्यातून वर येते.

भागवत सिनेमा संपल्यावरही उठला नाही. त्याच्या डोक्यात बोर्ड तयार झाला होता. वरून दिसणारी काळी विहीर, तळाशी पाण्याचे रुपयाएवढे वर्तुळ आणि काठावर एक कंदील. पाचही बोटे शिवशिवायला लागली. मग हा बोर्ड आपला नाही हे त्याला आठवले.

दुसऱ्या दिवशी तो एसटी स्टँडजवळच्या धनश्रीच्या दुकानात गेला. पुढाऱ्यांचे वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, पेढ्यांच्या दुकानाचे उद्घाटन, असे सगळे फ्लेक्स तिथे गुंडाळून ठेवलेले होते. धनश्री सव्वीस वर्षांची. तिने नगरला कोर्स केला होता आणि गावात परत येऊन दोन वर्षांत पाथर्डीतल्या सगळ्या पेंटरांची भिंत आणि पाटी दोन्ही हिसकावून घेतली होती. हे अर्थात भागवतचे मत. बाकीचे दोन पेंटर केव्हाच घरांना डिस्टेंपर मारायच्या कामाला लागले होते आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

"या काका, बसा. तुम्ही बघणार म्हटल्यावर मला रात्री झोप नाही," ती म्हणाली आणि लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

भागवत बघतच राहिला. शेवाळी काळे पाणी. त्यातून कोपरापर्यंत वर आलेला एक हात, बायकी, सुरकुतलेला, आणि चिमटीत जुनी लोखंडी किल्ली. हातावरून पाणी ओघळत होते. एक थेंब मनगटाशी थांबला होता, पडेन पडेन असा. सदतीस वर्षांत भागवतला ओलेपणा कधी जमला नव्हता. त्याचे पाणी नेहमी काचेसारखे दिसे.

"हात कुनाचा घेतलास?" त्याने विचारले.

"कंपनीने चौदा फोटो पाठवले होते. हिरोच्या हातात काही दमच नव्हता. हा एका म्हातारीचा, ताटात भाकरी वाढतानाचा. उजेड इतका छान पडलाय त्याच्यावर! मग भाकरी काढली, किल्ली दिली आणि हात ओला केला."

"वला कसा केलास?"

"जमतं ते कॉम्प्युटरवर. दाखवू का?"

"नगं."

त्या मनगटावर तुळशीवृंदावन होते आणि बाजूला तीन ठिपके.

भागवतला एका क्षणात सगळे कळले. ही पोर सिनेमा न बघता बरोबर खुन्याचाच हात कापून बोर्डाच्या मधोमध लावून बसली होती. ज्याला डोळे आहेत त्याला पहिल्या वीस मिनिटांत, मावशी पहिली भाकरी वाढेल तेव्हाच, शेवट कळणार. पुढचे दोन तास तो घोरत पडेल किंवा बाहेर येऊन चार जणांना सांगेल. सांगायला एक वाक्य पुरे होते. पोरी, गोंदण पूस. तिला ते दोन मिनिटांचे काम होते.

"सांगा ना काका, काय बदलू?"

भागवतने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नाव जरा वर घे," तो म्हणाला. "खालून गर्दीची डोकी आडवी येत्यात."

तिने नाव वर घेतले. "खरंच की! हे मला सुचलंच नसतं. आणखी?"

"बाकी बेस हाय," भागवत म्हणाला आणि उठला. पायऱ्या उतरताना त्याला लाज वाटली नाही. वाटायला हवी होती हे कळत होते, पण आत गुदगुल्या होत होत्या.

शुक्रवारी पहिला खेळ लागला. भागवत समोरच्या भेळेच्या गाड्यावर ठाण मांडून बसला. फ्लेक्सच्या मागे दिवे लावले तसा तो हात जिवंत झाला आणि रस्त्यावरची माणसे थबकली. बघ बघ, किती बघतोस, भागवत मनात म्हणाला. मध्यंतरालाच पोरांचे टोळके बाहेर आले.

"आरं, मावशीच हाय! बोर्डावरच छापलंय की!"

"गोंदन बघितलं का? आदीच सांगायचं हुतं तर पैशे कशाला घेतले?"

भागवतने दुसरी भेळ सांगितली. शनिवारी जत्रेतल्या पाळणेवाल्यापासून पेढेवाल्यापर्यंत सगळ्यांना खुनी माहीत झाला होता. शुक्रवारच्या पहिल्या खेळाला तिकिटे गेली होती दोनशे बारा. शनिवारच्या शेवटच्या खेळाला गेली एकोणचाळीस. आप्पासाहेब फळीवर डोक्याला हात लावून बसले होते.

"पोरीनं घोटाळा करून ठिवला रं पेंटर."

"नवी हाय. शिकंल हळूहळू," भागवत म्हणाला. इतके गोड तो वर्षभरात बोलला नव्हता.

"तू उद्या संध्याकाळपत्तुर एक बोर्ड काढून देशील का? हातानं? फ्लेक्स उतरवतो. पैशाचं बगू आपुन."

भागवतने वेळ घेतल्यासारखे केले. मग म्हणाला, "तुमी म्हनताय तर काढतो."

तू बघितले होतेस, मग तुला कसे दिसले नाही, असे आप्पासाहेबांनी विचारले नाही. त्यांच्या डोक्यातच आले नाही. पेंटरच्या खेळाला बसणारा माणूस असे काही करील, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात बसणारी नव्हती.

रविवारी सकाळी आठ वाजता भागवत तंबूच्या मागे प्लायवूडवर ओणवा झाला. दुपारी दोनपर्यंत विहीर झाली, पाणी झाले, कंदिलाचा उजेड तेवढा राहिला. त्याचे मन इतके हलके झाले होते की तो चक्क गुणगुणत होता. तेवढ्यात समोरच्या बाजूने गलका ऐकू आला. हातातला ब्रश तसाच घेऊन तो पुढे आला.

रस्त्याला जीपगाड्या लागल्या होत्या. एक, दोन, पाच. मागून एक टेम्पो. त्यातून बायका उतरत होत्या. ऊसतोडीचा हंगाम उरकून आठपंधरा दिवसांपूर्वी गावी परतलेल्या, हातात थोडे पैसे आणि पाडव्यापर्यंत थोडी उसंत असलेल्या बायका. एरवी खुनाच्या सिनेमाला बाई आली तर नवऱ्याच्या मागे, तोंडावर पदर धरून. इथे पुरुषच दिसत नव्हते. सगळ्या थेट फ्लेक्ससमोर जाऊन उभ्या राहिल्या. भागवतच्या वाडीतली गोजरबाई सगळ्यांत पुढे होती. तिने आपले मनगट वर करून फ्लेक्सच्या बाजूला धरले.

"बघ गं, हुबेहूब! माज्या आईनं काढून घेतलंवतं तसंच."

"तिघं मारलं म्हनं हिनं."

"आन् जेवायला वाढून मारलं! माय गं!"

त्या घोळक्यात लंकाबाई होती. भागवतला ती दिसली तेव्हा त्याला आधी खरेच वाटले नाही.

"तू इथं कशाला?" त्याने तिला बाजूला घेतले.

"पिच्चरला. अवो, ती सैपाकीन बाई खुनी हाय म्हनं. खरं का?"

"कोन म्हनलं?"

"सगळी जत्रा म्हनती."

"मंग कळलं ना? आता काय बघायचं ऱ्हायलं?"

"तिनं का केलं ते बघायचंय," लंकाबाई म्हणाली. हे इतके उघड आहे की सांगावे लागू नये, असा तिचा चेहरा होता.

भागवतच्या अंगाचा तिळपापड झाला. "सदतीस वर्सं बोर्ड काढतोय मी. लगीन होऊन तेहतीस झाली. येकदातरी म्हनलीस का, अवो, मला आत जायचंय?"

लंकाबाईने फ्लेक्सकडे पाहिले, मग त्याच्याकडे. "तुमच्या बोर्डावर आमच्यातलं कोन हुतं?"

त्याने आपले बोर्ड आठवून पाहिले. सुऱ्याची सावली, अंधारा जिना, खालून उजेड पडलेले साहेबी चेहरे. त्याने न बघितलेले काढले होते. ते बघून थांबत होते ते पुरुष. बायका त्याच्या बोर्डासमोर कधी थांबत नव्हत्या हे त्याने पाहिले होते, पण बायकांना असले आवडत नाही असेच तो समजून चालला होता.

तीनच्या खेळाची घंटा झाली. दारावर तिकिटे फाडायला रविराज होता. "पेंटरच्या घरचं मानूस हाय, सोड," भागवत सवयीने म्हणाला.

"काका, बोर्डवाल्यांचे दोन पास असतात. ते धनश्रीताई घेऊन गेल्या," रविराज अवघडून म्हणाला. "सत्तर रुपये तिकीट आहे."

भागवत रंगाच्या बनियनवर होता. खिसाच नव्हता. लंकाबाईच्या मागे वीसपंचवीस बायका खोळंबल्या होत्या. धनश्री पास घरच्यांना देऊन बाजूलाच उभी होती, तिने पुढे होऊन सत्तर रुपये रविराजच्या हातात दिले. "जा काकू, पुढची जागा धरा."

लंकाबाई आत गेली. भागवत दाराबाहेर ब्रश घेऊन उभा राहिला.

आतून आवाज येत होते. मावशीने पहिली भाकरी वाढली तेव्हा तंबूभर "ए बाई!" असा उद्गार निघाला. वकील तिच्या हातचे खाऊ लागला तेव्हा कुणीतरी ओरडले, "खा मेल्या, खा!" पोरीच्या विहिरीची गोष्ट निघाली आणि तंबू असा शांत झाला की जनरेटरची घरघर ऐकू येऊ लागली. भागवतने असली शांतता आपल्या बोर्डामागे कधी ऐकली नव्हती. खुनी माहीत होता म्हणूनच त्या बायका घाबरत होत्या, रागावत होत्या आणि रडत होत्या. त्याचा सदतीस वर्षांचा नियम त्या पोरीने मोडला होता, तोही चुकून, आणि नशिबाने तिला त्याचे बक्षीस दिले होते. चूक केली असती तर आपण मेहनतीने केली असती, असा एक वेडा विचार त्याच्या मनात आला.

खेळ सुटायच्या आत पुढच्या खेळाची रांग पाळण्यापर्यंत गेली. आप्पासाहेब धावतच आले. "पेंटर, ऱ्हाऊ दे तुजा बोर्ड! फ्लेक्सला हात लावू नको!" मग त्यांनी धनश्रीच्या पाठीवर थाप दिली.

"मी एकटीने नाही केलं आप्पा," ती म्हणाली. "छापायच्या आधी काकांनी तपासलं होतं."

आप्पासाहेबांनी भागवतकडे पाहिले आणि त्यांचे डोळे लकाकले. "म्हंजी तुला ठावं हुतं! बाया येतील म्हनून मुद्दाम गोंदन ठिवू दिलंस! वा रं पठ्ठ्या!"

एवढे मोठे श्रेय भागवतला उभ्या आयुष्यात कुणी दिले नव्हते. तो नुसता हसला असता तरी भागले असते. पण तंबूतून लंकाबाई डोळे पुशीत बाहेर आली होती आणि तिने शेवटचे वाक्य ऐकले होते.

"तुमी आदी बघितलावता?" तिने हळूच विचारले. "मंग काल घरी त्या पोरीचा बोर्ड बुडाला म्हनून हसत कशापायी हुता?"

धनश्री भागवतकडे बघत राहिली.

"बायांचं मला काय ठावं न्हवतं," भागवत म्हणाला. "हात मी वळखला हुता. सांगितलं न्हाई."

"का, काका?" धनश्रीने विचारले.

"तुजा बोर्ड पडावा म्हनून."

रांगेतल्या बायका रविराजशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होत्या. धनश्रीने खांद्यावरची पिशवी सारखी केली. "बरं," ती म्हणाली आणि आप्पासाहेबांना विचारून उद्याच्या खेळांच्या वेळा मोबाईलमध्ये लिहून घेऊ लागली.

'पाण्याखालची किल्ली' पाडव्यापर्यंत रोज चार खेळ चालला. भागवतचा अर्धा बोर्ड आप्पासाहेबांनी ट्रकच्या टपावर पावसाचे आच्छादन म्हणून बांधला, विहीर खालच्या बाजूला करून. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तंबू मिरजगावला हलला. तिथे दुसरा खुनाचा सिनेमा लागायचा होता. भागवत कुणी न बोलावता एसटीने मिरजगावला गेला. दुपार होती. तंबूचे दार आतून बांधलेले होते आणि आत सिनेमाचा आवाज चालू होता.

"कोन हाय आत?" त्याने रविराजला विचारले.

"धनश्रीताई. पेंटरचा खेळ चाललाय."

भागवतने कनातीच्या फटीतून पाहिले. बाराशे माणसांच्या जागेत मधोमध ती एकटी बसली होती, मांडीवर वही घेऊन. पैसे गेले, बोर्ड गेला, त्याचे त्याने घरी बसून कसेबसे समाधान करून घेतले होते. ही जागा गेलेली त्याला बघवेना. तो तसाच स्टँडवर आला आणि मिळाली त्या गाडीने परत फिरला.

आता तो पाथर्डीत शाळेच्या भिंतींवर पाढे आणि नकाशे रंगवतो. धनश्रीच्या दुकानी तो दोनदा गेला. एकदा ती नगरला गेली होती आणि एकदा दुकानात होती, पण दारात गाडी लावून गिऱ्हाईक उभे होते, म्हणून तो आत गेला नाही. लंकाबाईच्या तिकिटाचे सत्तर रुपये त्याच्याकडून धनश्रीला अजून येणे आहेत.